ग्रँड कॅन्यनमध्ये उतरून त्याच दिवशी वर यायचं असेल तर

गडावर जाणाऱ्या माणसाला एक सवय असते. आधी चढायचं, दम लागला की बसायचं, फारच झालं तर मागे फिरायचं. परतीला उतार असतो, तो कसाही निभतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, हीच सवय अंगाशी येते, कारण इथे उतार आधी आणि चढ शेवटी. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी तासभर उतरताना काहीच जाणवत नाही. उलट “इतकं सोपं असेल वाटलं नव्हतं” म्हणत माणूस ठरवल्यापेक्षा आणखी दोन वळणं खाली जातो. शरीर पहिली तक्रार करतं तेव्हा तो कड्यापासून पाच-सहाशे मीटर खाली असतो, ऊन वर आलेलं असतं आणि दिवसाचं खरं काम अजून सुरूही झालेलं नसतं.

म्हणून “थकलो की परत फिरू” हा नियम इथे चालत नाही. परत कुठून आणि किती वाजता फिरायचं हे कड्यावरच ठरवावं लागतं. पुढचे सगळे टप्पे त्या निर्णयासाठी आहेत.

हा लेख ब्राइट एंजल आणि साउथ कायबॅब या दोन वाटांवर एका दिवसात जाऊन येण्यापुरता आहे. खाली मुक्काम करायचा असेल तर वेगळा परवाना लागतो आणि तयारीही वेगळी. कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा बेत असेल तर तो सोडा. इथल्या राष्ट्रीय उद्यानाचं प्रशासन स्वतः तसं करू नका म्हणून सांगतं, मे ते सप्टेंबरमध्ये तर विशेष जोर देऊन.

टप्पा १ : महिना आधी, ठिकाण नंतर

बहुतेक लोक आधी ठिकाण ठरवतात. तसं करू नका. साउथ रिमची उंची साधारण २,१०० मीटर आहे आणि तळाशी नदीकाठी असलेली फँटम रँच ही मुक्कामाची जागा ७५० मीटरच्या आसपास. दर ३०० मीटर उतरलं की तापमान साधारण ३ अंश सेल्सिअसने वाढतं. जुलैत कड्यावर दुपारी सरासरी २९ अंश असताना तळाशी ४१ अंश असतात, आणि तेही सावलीतले. वाटेवर सावली कमी. दोन्ही बाजूंचा खडक तापला की तोही भट्टीसारखा उष्णता फेकतो. कड्यावर उभं राहून “हवा छान आहे” हा अंदाज बांधणं म्हणजे तिसऱ्याच गावचं हवामान बघून निघणं.

एप्रिल आणि ऑक्टोबर हे चालायला सगळ्यात सोयीचे महिने. जून, जुलै, ऑगस्टमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने खाली दिलेल्या यादीतली पहिली दोन ठिकाणंच धरावीत. डिसेंबर ते मार्चमध्ये वाटेच्या वरच्या भागात, विशेषतः ब्राइट एंजलच्या सावलीतल्या वळणांवर, बर्फ घट्ट होऊन काचेसारखा गुळगुळीत होतो. तेव्हा बुटांवर चढवायचे काटे लागतात.

आता ठिकाणं. वेळ जाऊन-येऊन आहे, अंतर एका बाजूचं.

- साउथ कायबॅब, ऊ-आह पॉइंट : १.४ किलोमीटर, १ ते २ तास.
- साउथ कायबॅब, सीडर रिज : २.४ किलोमीटर, सुमारे ३५० मीटर उतार, २ ते ४ तास. ब्राइट एंजलचा दीड मैलावरचा निवारा साधारण याच तोडीचा.
- ब्राइट एंजल, तीन मैलांचा निवारा : ४.८ किलोमीटर, सुमारे ६४५ मीटर उतार, ४ ते ६ तास. कायबॅबवरचा स्केलेटन पॉइंटही जवळपास एवढाच.
- ब्राइट एंजल, हवासुपाई गार्डन्स : ७.२ किलोमीटर, ९०० मीटरहून जास्त उतार, ६ ते ९ तास.

शेवटचं ठिकाण थंड हवेत आणि चालायची सवय असलेल्यांसाठी. जुन्या नकाशांत आणि पुस्तकांत त्याचं नाव ‘इंडियन गार्डन’ असं सापडेल. २०२२ मध्ये ते बदललं, जागा तीच.

तपासा : गटातला सगळ्यात सावकाश चढणारा कोण? ठिकाण त्याच्या मापाने निवडा. उताराला सगळे एका वेगाने जातात, त्यामुळे हा माणूस कोण ते खाली पोचेपर्यंत कळतच नाही.

टप्पा २ : पाण्याची चौकशी, आदल्या दिवशी

साउथ कायबॅबवर पाणी नाही. नळ नाही, झरा नाही, काही नाही. सुरुवातीच्या ठिकाणी भरून घ्यायचं, तेच परत येईपर्यंत. सीडर रिजला स्वच्छतागृह आहे, पण तिथेही पाणी मिळत नाही. उघड्या धारेवरून जाणारी वाट असल्याने दृश्यं इथे जास्त सुंदर, आणि ऊनही जास्त.

ब्राइट एंजलवर दीड मैल आणि तीन मैलांच्या निवाऱ्यांवर नळ आहेत, पण हंगामी. थंडीत पाइप गोठतात म्हणून ते बंद ठेवतात. हवासुपाई गार्डन्सला एरवी वर्षभर पाणी असतं. या ‘एरवी’वर विसंबू नका. कॅन्यनच्या पोटातून आलेली पाण्याची मुख्य वाहिनी १९७० च्या सुमाराची आहे, ती वारंवार फुटते, आणि फुटली की ऐन उन्हाळ्यातही नळ कोरडे पडतात. मागच्या महिन्यात जाऊन आलेल्या मित्राची माहिती इथे निरुपयोगी. उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणता नळ चालू आहे याची ताजी यादी असते. ती आदल्या संध्याकाळी पाहा, किंवा माहिती केंद्रात रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाला, विचारा. त्याच वेळी वाट कुठे बंद आहे का हेही विचारून घ्या. दुरुस्तीच्या कामांमुळे वाटांचे तुकडे बंद असण्याचे प्रकार होतात.

इशारा : नळ चालू आहे असं कळलं तरी निघताना एवढं पाणी घ्या, की तो बंद निघाला तर तिथूनच मागे फिरून वर येता येईल.

टप्पा ३ : सॅक

पाण्याचा हिशेब सरळ आहे. उन्हात चालताना माणशी तासाला अर्धा ते एक लिटर. पाच तासांच्या चालीला तीन ते चार लिटर, म्हणजे तेवढेच किलो ओझं. जड वाटेल. पण चढाला लागेपर्यंत ते बरंच कमी झालेलं असतं.

दोन चुका इथे ठरलेल्या. एक, घरातल्या एकानेच सगळ्यांचं पाणी पाठीवर घ्यायचं. चढाला गट पांगतो, पाणीवाला पुढे निघून जातो आणि मागचा कोरडा राहतो. प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पाठीवर हवं, मुलांच्याही. दुसरी चूक मोठी आहे, कारण ती शहाणपणासारखी दिसते. माणूस भरपूर पाणी पितो आणि काहीच खात नाही. कोरड्या हवेत घाम त्वचेवर दिसायच्या आत उडून जातो, त्यामुळे किती मीठ गेलं ते कळत नाही. वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, सुजलेली बोटं, गोंधळलेलं बोलणं आणि वारंवार होणारी पाण्यासारखी लघवी ही त्याची लक्षणं. बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलं, तो आणखी पाणी पाजतो, आणि प्रकरण हाताबाहेर जातं.

म्हणून खाण्याकडे पाण्याइतकंच लक्ष द्या. खारे दाणे, वेफर्स, खारी बिस्किटं, चीज अशा गोष्टी भरपूर घ्या, आणि क्षारांच्या पुड्या सोबत ठेवा. नुसत्या चॉकलेटवर भागत नाही. उन्हात भूक मरते, तरी दर अर्ध्या-पाऊण तासाने चार घास पोटात गेले पाहिजेत.

बाकीचं सामान थोडक्यात. वापरून मऊ झालेले, तळव्याला पकड असलेले बूट (नवे कोरे बूट घालून इथे येणारे रोज दिसतात, आणि त्यांचे पायही). रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, डोक्याला लावायचा दिवा, शिटी, फोडांसाठी चिकटपट्टी, कागदी नकाशा. चालायच्या काठ्या नेहमी वापरत नसाल तरी इथे न्या, उताराला गुडघे वाचतात. पायाची नखं आदल्या रात्री कापा. उताराला बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि वाढलेली नखं काळीनिळी होतात.

उन्हाळ्यात सुती सदरा चांगला, कारण तो ओला राहून अंग गार ठेवतो. हिवाळ्यात नेमका त्याच कारणाने वाईट.

टप्पा ४ : आदल्या रात्री घड्याळ आणि कागद

आधी घड्याळ. ग्रँड कॅन्यन ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. शेजारच्या युटामध्ये करतात, आणि ॲरिझोनाच्याच हद्दीतल्या नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशातही करतात. त्या बाजूने गाडीने आलात तर हातातलं घड्याळ एक तास पुढे असतं. फोनची वेळ इथल्या वेळेशी ताडून पाहा.

साउथ कायबॅबच्या सुरुवातीला खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या शटल बसनेच जावं लागतं. पहाटे चालणाऱ्यांसाठी वेगळी बस असते. तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या. ती चुकली तर निघायला उशीर होतो, आणि तो उशीर शेवटच्या चढात भर उन्हात फेडावा लागतो.

आता कागद. त्यावर तीन ओळी लिहायच्या.

पहिली : निघायची वेळ. उन्हाळ्यात हा आकडा उजाडायच्या आधीचा किंवा उजाडतानाचा हवा.

दुसरी : वर परत यायची वेळ. गरम महिन्यांत सकाळी १० च्या आत. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत खाली चालू नका, असं रेंजर सांगतात.

तिसरी : मागे फिरायची वेळ. हाती असलेल्या तासांचे तीन भाग करा. एक भाग उतरायला, दोन भाग चढायला. पहाटे ५ ला निघून १० ला वर यायचं असेल तर हातात ५ तास. त्यातला १ तास ४० मिनिटं उतरण्याच्या, ३ तास २० मिनिटं चढण्याच्या. म्हणजे ६:४० वाजता तुम्ही जिथे असाल, तिथून मागे. ठरवलेलं ठिकाण पुढच्या वळणावर दिसत असलं तरीही.

या कागदाची एक प्रत, किंवा निदान फोनवर एक फोटो, वर राहणाऱ्या कुणाकडे तरी द्या. कोणती वाट, कुठवर, किती वाजता परत. बहुतेक वाटेवर फोनला रेंज नसते. आणीबाणीचे फोन काही ठरावीक ठिकाणी आहेत, ते कागदी नकाशावर आधीच गोल करून ठेवा.

तपासा : दुपारी वादळाचा अंदाज आहे का? जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथे मॉन्सूनची वादळं येतात. वीज कड्यावर आणि उघड्या धारांवर पडते, आणि दूरवर पडलेल्या पावसाचं पाणी कोरड्या ओहोळातून काही मिनिटांत लोंढ्यासारखं येतं. अंदाज असेल तर छोटं ठिकाण घ्या.

टप्पा ५ : उतरताना

बूट घोट्यापाशी घट्ट बांधा, काठ्या थोड्या लांब करा, पावलं आखूड टाका. वाट चांगली बांधलेली आहे. धोका मोठ्या दगडांचा नसून कातळावर पसरलेल्या दगडाच्या बारीक चुऱ्याचा आहे. त्यावर टाच टेकवून लांब ढांग टाकली की पाय सटकतो. फोटो काढायचा असेल तर थांबा, मग काढा. चालता चालता मागे सरकत सेल्फी घेण्याची ही जागा नव्हे.

वळणं कापून सरळ उतरू नका. तुम्ही सुटाल, पण तुमच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसावर जाईल. वर चढून येणाऱ्याला वाट द्यायची, हा इथला रिवाज आहे.

खेचरांचा तांडा आला तर वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभे राहा, दरीकडच्या बाजूला कधीही नाही. हलू नका, बोलू नका, खेचरवाला सांगेल तसं करा. शेवटचं खेचर १५ मीटर पुढे जाईपर्यंत वाटेवर परत येऊ नका.

दर वीस मिनिटांनी मागे वळून वर पाहा. कडा किती उंच गेला आहे ते दिसतं. नुसतं खाली बघत राहिलं तर ते ध्यानात येत नाही.

थांबाल तिथे सॅक उघडी टाकू नका. निवाऱ्यांजवळच्या खारी माणसाळलेल्या आहेत, चेन उघडतात आणि हातातलं घ्यायला येऊन चावतात. गोंडस दिसल्या तरी दाणा टाकू नका.

टप्पा ६ : मागे फिरणं

खालीलपैकी एकही गोष्ट झाली की मागे फिरायचं. सगळ्या होण्याची वाट बघायची नाही.

1. कागदावरची वेळ झाली.
2. कुणाचंही एक तृतीयांश पाणी संपलं, आणि जवळच्या चालू नळाची खात्री नाही.
3. कुणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, किंवा टाचेला फोड आला आहे.
4. आभाळ गडगडलं.

या जागी गटात जो संवाद होतो तो ठरलेला असतो. “एवढं आलोच आहोत तर…” हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि बहुधा ज्याला सगळ्यात कमी त्रास होतोय तोच म्हणतो. म्हणून हा निर्णय कुणाचा असेल ते वर असतानाच ठरवा. माझं मत विचाराल तर तो सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा असावा. मतदान घेऊ नका. पहाटेच्या गारव्यातल्या मतदानात पुढे जाणारेच जिंकतात.

गटाचे दोन भाग करून धडधाकट मंडळींनी पुढे जाणं आणि थकलेल्याला एकट्याला वर पाठवणं हा त्यातला सगळ्यात वाईट पर्याय. मागे फिरायचं तर सगळ्यांनी.

टप्पा ७ : चढ

निघायच्या आधी दहा मिनिटं बसा, खारं काहीतरी खा, पाणी प्या. नळ असेल तर बाटल्या भरा आणि टोपी, सदरा, गळ्यातलं फडकं चिंब भिजवा. अर्ध्या तासात सगळं वाळेल, पण तेवढा अर्धा तास शरीर स्वस्तात गार राहतं.

वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे. पहिली काही वळणं झपाट्याने चढून मग दर पन्नास पावलांना धापा टाकत उभं राहण्यापेक्षा मुंगीच्या चालीने सलग चढणं कमी थकवतं. तासातून एकदा दहा मिनिटांची विश्रांती, सावलीत, पाय हृदयापेक्षा वर टेकवून. नुसतं उभं राहून घेतलेल्या थांब्यांनी पाय तितके मोकळे होत नाहीत.

शेवटचा दीड मैल सगळ्यात अवघड वाटतो, कारण कड्यावरची माणसं दिसायला लागतात आणि वळणं संपत नाहीत. शिवाय इथे उंचीही २,००० मीटरच्या आसपास, हवा विरळ. समुद्रसपाटीवरून कालच आलेल्या माणसाला इथे जास्त दम लागणं स्वाभाविक आहे.

इशारा : दहा वाजून गेले, ऊन तापलं आणि निम्मा चढ बाकी आहे, तर रेटू नका. सावली किंवा निवारा सापडला तर तिथेच थांबा आणि चारनंतर निघा. हेडलॅम्प यासाठीच आणला आहे. अंधारात उशिरा वर येणं गैरसोयीचं असेल, पण उन्हात पडून राहण्यापेक्षा कितीतरी बरं.

टप्पा ८ : कुणी बिघडलंच तर

चेहरा पांढुरका, त्वचा गार आणि ओलसर, मळमळ, पेटके : सावलीत बसवा, भिजवा, वारा घाला, क्षार घातलेलं पाणी घोट घोट द्या, खायला द्या. अर्ध्या तासात सुधारणा दिसत नसेल तर चढ सुरू करू नका, मदत मागवा.

भरपूर पाणी पिऊनही मळमळ, लघवी स्वच्छ आणि वारंवार, खाल्लेलं फारसं काही नाही : आणखी पाणी देऊ नका. खारं खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर मदत बोलवा.

असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटके, बेशुद्धी : हा उष्माघात समजा. असेल ते पाणी अंगावर ओता, कपडे सैल करा, सतत वारा घाला, आणि दुसऱ्या कुणाला तरी आणीबाणीच्या फोनकडे पाठवा. रेंज असेल तर ९११ हा आणीबाणीचा क्रमांक लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

हेलिकॉप्टर लगेच येईल असं धरून चालू नका. वारा, अंधार आणि खुद्द उष्णता यांमुळे उड्डाणं थांबतात, आणि रेंजर पायी यायला काही तास लागू शकतात.

टप्पा ९ : वर आल्यावर

सगळे आले का ते मोजा, आणि ज्याच्याकडे कागद ठेवला त्याला कळवा. शोधाशोध सुरू झाली असेल तर ती थांबवायची जबाबदारी तुमची. बूट काढून फोड तपासा. खारट जेवण आणि पाणी घ्या, मग तासभर तरी गाडी चालवू नका. पहाटे चारला उठलेला, दिवसभर चढलेला माणूस सरळसोट वाळवंटी रस्त्यावर झोपेने झुकतो. रात्रीपर्यंत लघवी गडद किंवा अगदी कमी राहिली, उलट्या थांबल्या नाहीत, किंवा डोकेदुखी थांबलीच नाही, तर सकाळची वाट न बघता गावातलं क्लिनिक गाठा. ते बंद असेल तर ९११ लावा.